हरकत नाही!

मराठीत 'हरकत' या शब्दाइतकी वणवण दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या वाट्याला आली नसेल. मूळचा तो अरबी. तिकडे त्याचा अर्थ नुसती हालचाल. हिंदीत आला तो वांड पोरांच्या खोड्यांचा अर्थ घेऊन बसला. गवयांच्या बैठकीत मात्र त्याला मान मिळाला. बुवांनी एखादी नाजूक हरकत घेतली की पुढच्या रांगेतून 'वाहवा' येते. मराठीत त्याने पाऊल टाकलं आणि तो थेट सरकारी कचेरीत नोकरीला लागला. इथे हरकत घेतली की कुणी वाहवा म्हणत नाही. शिक्का मारतात, पोच देतात आणि म्हणतात, "ठेवा तिकडे."

या शब्दाचा कायमचा पत्ता म्हणजे वर्तमानपत्रातलं ते पान, जे आपण वाचत नाही पण ज्यावर भजी काढून ठेवतो. 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात असते. अमुक गटात अमुक वसाहत योजिली आहे, ज्या कोणाची हरकत असेल त्याने मुदतीत लेखी कळवावी, न कळविल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल, असा शेवट असतो. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून असल्यामुळे हे शेवटचं वाक्य मला घरच्यासारखं वाटतं. आम्हीही खात्याच्या उताऱ्याखाली बारीक अक्षरांत हेच छापतो : इतक्या दिवसांत चूक न कळविल्यास शिल्लक बरोबर आहे असे समजण्यात येईल. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं आहे हे एक तर परमेश्वराला कळतं, नाहीतर असा मजकूर लिहिणाऱ्याला.

म्हणून मी रिकाम्या वेळात (म्हणजे रविवारी, बँकेत रिकामा वेळ असतो हा ग्राहकांचा गैरसमज आहे) जरा इतिहासात डोकावलो. माणसाच्या डोक्यावर छप्पर घालण्याआधी त्या डोक्याला काही विचारावं, ही कल्पना आपल्याकडे आली कधी आणि आल्यावर तिचं झालं काय, एवढंच मला पाहायचं होतं.

आरंभ मोठा नमुनेदार आहे. १८४२ साली कंपनी सरकारने बंगालसाठी एक कायदा केला. गावातल्या दोन तृतीयांश घरवाल्यांनी अर्ज केला तरच तिथे नगरव्यवस्था करायची आणि खर्चासाठी कर बसवायचा. इतकी अदब सरकारने पूर्वी कधी दाखवली नव्हती. अख्ख्या बंगालमधून एकच गाव पुढे आलं. पुढे कराची वसुली सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी कर तर दिला नाहीच, उलट बेकायदा आत घुसल्याबद्दल कलेक्टरवरच फिर्याद ठोकली! 'आधी विचारा' या तत्त्वाचा हिंदुस्थानातला श्रीगणेशा हा असा झाला.

१८५० साली सरकारने दुसरा कायदा केला. रहिवाशांची इच्छा असेल तरच नगरपालिका, ही अट राहिली, पण कर कोणता घ्यायचा यात जकातीचीही सोय झाली. जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, त्यामुळे तो परगावचे लोक भरतात असं प्रत्येक गावाला प्रामाणिकपणे वाटतं. मुंबई इलाख्यात मग भराभर नगरपालिका निघाल्या. मोरोपंतांच्या आमच्या बारामतीची १८६५ सालची, म्हणजे त्याच लाटेतली. जे फुकट पडतं त्याला आपली हरकत नसते, हा शोध अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या आधी सरकारी दप्तरात लागला होता.

पण ही झाली कराची गोष्ट. घराविषयी कुणी विचारावं असं त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या आणि रुंद, हवेशीर रस्ते काढायचे, हे ट्रस्टचं काम. हवा आली खरी, पण त्या हवेत राहणारा माणूस उठून शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत जाऊन बसला. नकाशावर रस्ता असतो, उठलेला माणूस कुठे गेला हे नकाशावर दाखवायची पद्धत नाही.

अशा दिवसांत, १९१४ साली, पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ इकडे आला. शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ, आवड नगररचनेची. हा माणूस गल्लीबोळांतून तासन्‌तास पायी हिंडायचा. साहेब पायी हिंडतो आहे, म्हणजे याचा घोडा तरी मेला असावा किंवा नोकरी तरी गेली असावी, असं लोकांना वाटलं असल्यास नवल नाही. अख्खी गल्ली पाडण्यापेक्षा एखादं मोडकं घर काढावं, तिथे झाड लावावं, विहीर उपसावी आणि बाकीचं गाव आहे तसं नांदू द्यावं, असं त्याचं म्हणणं.

होळकरांच्या इंदुरात तर त्याने कमाल केली. शहरात प्लेगची दहशत, आणि हा मोजमापाचा कागद घेऊन हिंडणारा साहेब म्हणजे घरं पाडायला आलेला यमदूत, असा लोकांचा ग्रह. तेव्हा गेडिसने एक दिवसापुरता महाराजा होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग आधी सांगितला नाही. जी आळी सगळ्यांत स्वच्छ असेल तिथून ती जाणार, एवढंच जाहीर केलं. झालं! सारं शहर झाडूला लागलं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शेवटी त्यांचं दहन. नोटीस काढून जे होत नाही ते ईर्ष्येने होतं, एवढं ओळखण्याइतका तो आपल्यातला झाला होता.

या गेडिसला १९१९ साली मुंबई विद्यापीठाने प्राध्यापक नेमलं, आणि लगेच पुढच्या वर्षी, त्याच मुंबईत, सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्यांनी त्याला काही विचारल्याचं त्यांच्या चाळींकडे पाहून तरी वाटत नाही. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्यांचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटचं भक्कम काम. एवढं सगळं झाल्यावर सरकारने वाट पाहिली, आणि कामगार आलाच नाही! भाडं जास्त, सोयी अपुऱ्या. सुरुवातीची वर्षं कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग केला. भाड्याने जी जागा खपत नव्हती ती सत्याग्रहींना सक्तीने आणि मोफत मिळाली. पुढे याच चाळींत मराठी माणसाने गणपती बसवले, भजनी मंडळं काढली आणि त्या खोल्यांना घर करून दाखवलं. पण ते कर्तृत्व राहणाऱ्यांचं. खोलीचं माप ठरवताना गिरणीच्या दारात उभं राहून कुणी दहा माणसांशी बोललं असतं, तर सिमेंट तेवढंच लागलं असतं.

शहराचं हे असं, तर खेड्याचं विचारूच नका. जमीन घेण्याचा कायदा १८९४ सालचा. सरकारने 'सार्वजनिक हेतू' असं म्हटलं की मालकाने फक्त पैसे किती एवढ्यावर बोलायचं. आमच्याच जिल्ह्यात मुळशीला टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले. धरण थांबलं नाही. १९२३ साली मात्र त्या कायद्यात '५-अ' हे कलम आलं : मालकाने ३० दिवसांत हरकत घ्यावी, कलेक्टरने ती ऐकून घ्यावी. तातडी असेल तर ऐकून घेण्याची गरज नाही, अशी सोयही कायद्यात होतीच. सरकारला तातडी कधी नसते, हे मला आजवर कळलेलं नाही. बँकेत मात्र ती फक्त ग्राहकाला असते.

आता १९६६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी महाराष्ट्राने प्रादेशिक नियोजन आणि नगररचनेचा कायदा केला आणि शहरातल्या माणसाला विकास आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा, समितीपुढे म्हणणं मांडण्याचा हक्क दिला. पुणेकरांनी तर या हक्काचं सोनं केलं. जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ साली जाहीर झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना दाखल झाल्या. (त्यात सूचना किती असतील याचा अंदाज पुण्यात राहिलेल्या माणसाला सहज येईल.) आणि त्याच १९६६ साली भीमेवर उजनी धरणाचं काम सुरू झालं.

माझ्या आत्याचं सासर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या अगदी काठाला. गावाचं नाव सांगत नाही, कारण अर्धं गाव आमच्या नात्यात आहे आणि उरलेल्या अर्ध्याचं खातं आमच्या शाखेत आहे. धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधीच गाव वर माळावर गेलं होतं. गेलं म्हणजे लोकांनीच नेलं. तुळया, दारं, चौकटी, पाटा-वरवंटा, सगळं बैलगाड्यांत घालून. आत्या तेव्हा नुकती नांदायला आली होती.

मी एकदा तिला विचारलं, "आत्या, नवं गाव आखताना साहेबांनी तुम्हाला काही विचारलं होतं का गं?"

"इचारलं की! 'मावशी, सही येती का?' म्हणला."

"मग?"

"मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, येती. चौथीपर्यंत शिकलेय. तर म्हणला, तुमची नको, मालकांची पायजे."

नवं गावठाण कागदावर फार देखणं होतं. रस्ते सगळे काटकोनात, प्लॉट सगळे एका मापाचे, आमच्या लेजरच्या पानासारखे. कोणाला कुठला प्लॉट, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. न्यायाच्या दृष्टीने यात काही खोट काढता येत नाही. पण जुन्या गावात आत्याच्या दारासमोर जी शेजारीण होती, जिच्याकडून विरजण आणायचं आणि जिच्या पोराला हिने सांभाळायचं, ती चिठ्ठीत चौथ्या ओळीत गेली. विरजणासाठी चार ओळी ओलांडून कुणी जात नाही. काही महिन्यांनी मैत्री होती तशीच राहिली, पण दही ज्याच्या त्याच्या घरी आंबट व्हायला लागलं.

दारं नकाशाप्रमाणे पश्चिमेला आली. आमच्या भागात जून लागला की वारा पश्चिमेकडून सुटतो आणि माळावर त्याला अडवायला बाभळसुद्धा नसते. पहिल्याच पावसाळ्यात वारा दारातून शिरून थेट चुलीशी बोलू लागला. घरभर धूर. आत्याच्या यजमानांनी ते दार बुजवलं आणि मागच्या भिंतीला दुसरं पाडलं. दोन वर्षांत सगळ्या ओळीने दारं फिरवली. सरकारी नकाशात ती ओळ अजूनही पश्चिमेकडे तोंड करून बसलेली आहे.

"आणि नदी?" मी म्हटलं.

"नदीचं काय इचारतो? धुणं नळावर धुता येतं रं. पण बायकांनी बोलायचं कुठं? पुरुषांना पार बांधून दिला. आम्हाला कुणी काही बांधलं न्हाई."

धरण नको होतं असं आत्या एका शब्दाने म्हणत नाही. तिच्या दोन्ही मुलांचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. घराच्या बाबतीत मात्र ती आजही मुद्देसूद बोलते, आणि तिच्या तक्रारीतल्या एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागला नसता. दाराची दिशा बदलायला काय खर्च येतो? तीन आळ्या एकत्र ठेवायला काय लागतं? अगदी हिशेबी भाषेत सांगायचं तर ही फुकट मिळणारी माहिती होती, आणि ती घ्यायला कुणी काउंटरवरच आलं नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला तो १९७६ साली. उजनीचं काम तोवर दहा वर्षांचं झालं होतं.

उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं सुमारे ६३ टीएमसी पाणी म्हणजे मृत साठा. वरचं पाणी संपून त्याला हात लावला की धरण 'वजा' झालं असं म्हणतात. आम्हा बँकवाल्यांना हे समजायला सोपं जातं : शिल्लक शून्य झाल्यावरही पैसे काढत राहिलं की त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा ओव्हरड्राफ्ट जवळजवळ साठ टक्क्यांपर्यंत गेला. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, लोक मोटारी करून बघायला गेले. आम्हीही आत्याला घेऊन तिच्या जुन्या गावाच्या जागी गेलो.

भेगाळलेला गाळ, थोडे दगड, शिंपले. मला काही समजेना. आत्या मात्र पदर खोचून सरळ चालायला लागली. एका जोत्यापाशी थांबली. पावलं मोजली. "हितं चूल. हितं गोठा. सकाळी ऊन हितपर्यंत यायचं, म्हणून बाळंतिणीची बाज हितं." मग समोर दहा पावलं जाऊन म्हणाली, "आणि हितं विरजणवाली." चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्याखाली असलेल्या गावाचा नकाशा त्या चौथी पास बाईने स्केलपट्टीशिवाय पायाखाली काढून दाखवला. मोबाईलवर फोटो काढणाऱ्या माझ्या मुलाने विचारलं, "आजी, हे तू तेव्हा त्या साहेबांना का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "बाळा, त्यांनी हरकत इचारली होती. घर न्हाई इचारलं."

मला वाटतं, सगळा इतिहास या दोन वाक्यांत बसतो.

आणि घर विचारलं तरी ते पुरतंच असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळजवळ ८ हजार माणसं गेली आणि लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तिथे विचारण्याची पद्धत बरीच पाळली गेली. ग्रामसभा झाल्या, गावोगाव 'संवाद सहायक' नेमले, त्यांत बायका पुष्कळ. घरांची मापं मात्र जमिनीच्या मानाने आधीच ठरलेली : २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. ज्या लोकांनी दगडी भिंतीखाली आपली माणसं गमावली होती त्यांनी दगड नको म्हटलं, काँक्रीट हवं म्हटलं. त्यांना कोण नावं ठेवील? पण रुंद रस्ते आणि सुटे प्लॉट यांमुळे गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलं, आणि घरून शेतात जाईपर्यंत ऊन चढू लागलं. भ्यालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात विचारलं तर तो भीतीचं उत्तर देतो, संसाराचं उत्तर नंतर सुचतं. ज्या गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती तिथे मात्र पैसे हप्त्याने घरमालकाच्या हातात आले, त्याने आपल्या डोळ्यांदेखत भिंत बांधून घेतली. विचारणं म्हणजे एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा विचारणं, हे तिथे थोडंफार घडलं.

आता कायदा पुष्कळ सुधारला आहे. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा आला. त्यात प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल याची पाहणी आणि जनसुनावणी आहे. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे ठेवतात. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत सपाट प्रदेशात घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, किमान २५ चौरस मीटर जागा, आणि मुख्य म्हणजे घर ज्याचं त्याने बांधायचं, कंत्राटदार मधे नाही. रक्कम हप्त्याहप्त्याने खात्यावर येते, त्यामुळे या इतिहासाचं शेवटचं प्रकरण माझ्या काउंटरवरच घडतं.

मागे एक बाई हप्ता जमा झाला का विचारायला आल्या. पासबुक पुढे केलं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चौकोन काढलेला होता, त्यात एक छोटा चौकोन, दोन रेघा आणि एक चार पायांचं काहीतरी.

"हे काय, मावशी?"

"घर हाय, साहेब. ही चूल. हे दार, वारं चुकवून काढलंय. ही शेजारच्या जाऊबाईकडची खिडकी. आणि ही शेळी." मग एकदम घाबरून त्यांनी बोटाने खोडायला सुरुवात केली. "पासबुकावर लिवायचं नसतं न्हवं?"

नसतं. तसा आमचा नियम आहे, आणि नियम मोडलेला दिसला की समज देणं हे माझं कर्तव्य आहे. मी पासबुक छापून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हरकत नाही."